कोणापेक्षा

माझ्या पहिल्या सराव पाठाचं शैक्षणिक साहित्य म्हणजे तीन पोरं होती.

बीएडला होतो. यवतमाळातल्या एका शाळेत आठवीच्या वर्गावर ‘डिग्रीज ऑफ कम्पॅरिझन’ घ्यायचं ठरलं होतं. सोबतचे सगळे तक्ते रंगवून आणत. माझी चित्रकला अशी, की घोडा काढला तर खाली ‘घोडा’ असं लिहावं लागे. म्हणून मी वर्गातलीच तीन मुलं उठवली, फळ्याला पाठ लावून उंचीनुसार उभी केली आणि प्रत्येकाच्या डोक्यावर खडूनं लिहिलं : टॉल, टॉलर, टॉलेस्ट. मागच्या बाकावरच्या मार्गदर्शक सरांनी वहीत शेरा दिला, ‘साहित्य सजीव व परिणामकारक’. त्या एका शेऱ्याच्या भांडवलावर मी हा पाठ पुढं कितीतरी वर्षं असाच घेत राहिलो.

१९९२ साली नोकरी लागली ती कळंब-राळेगावच्या पट्ट्यातल्या एका गावी, अनुदानित शाळेत. काळी जमीन, कापूस आणि तूर. पाचवीपासून दहावीपर्यंतचं इंग्रजी आम्ही दोघं मास्तर ओढायचो. तेव्हा मराठी शाळेत इंग्रजी पाचवीला सुरू होई. पहिलीपासून ती आली २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्यामुळं माझ्या सुरुवातीच्या वर्गांतल्या पोरांची इंग्रजीशी ओळख एसटीवरचे, औषधाच्या डब्यावरचे आणि बियाण्याच्या पिशवीवरचे शब्द एवढीच. ‘सुपर’ हा शब्द मात्र सगळ्यांना ठाऊक होता. तो कसा, ते पुढं सांगतो.

सातवीच्या एका वर्गात पहिल्या बाकावर एक लहानखुरा मुलगा होता. तुलनेचा पाठ निघाला की तोच पहिल्या जागी उभा राहणार हे ठरलेलं. त्याच्या डोक्यावर ‘टॉल’, मधल्याच्या ‘टॉलर’, शेवटच्याच्या ‘टॉलेस्ट’. दोन दिवस तो मुकाट उभा राहिला. तिसऱ्या दिवशी मान वळवून त्यानं डोक्यावरचं वाचलं आणि विचारलं, “सर, मी त बुटका हाय. मले टॉल काहून म्हनता?”

वर्ग हसला. मीही हसलो, आणि “ही पॉझिटिव्ह डिग्री आहे, इथून मोजायला सुरुवात करायची,” असं काहीतरी सांगून पुढं गेलो. वेळ मारून नेली. पण प्रश्न त्याचाच खरा होता. वर्गातल्या सगळ्यांत ठेंगण्या पोराच्या डोक्यावर ‘उंच’ लिहायचं आणि त्याला व्याकरण म्हणायचं, हे मी करत होतो. शिवाय टॉलर असायला टॉल असावंच लागतं, असा चुकीचा समज मी त्या खडूनं पोरांच्या डोक्यात घालत होतो. दोन बुटक्यांतही एक दुसऱ्यापेक्षा उंच असतोच. ‘गीतापेक्षा सीता उंच’ म्हटलं तर त्या दोघींपैकी एकही उंच असेल याची काही हमी नाही. तीन पायऱ्यांचा जिना म्हणून आपण हे शिकवतो, पण तो जिना नव्हेच. पहिली पायरी एकटी उभी असते, दुसरीला कोणीतरी शेजारी लागतो आणि तिसरीला अख्खा घोळका लागतो.

त्या पोराचं नाव मात्र दहावीपर्यंत ‘पॉझिटिव्ह’ पडलं. मैदानावर, पाणवठ्यावर, बसस्टँडवर. हे बारसं मी केलेलं. लॅटिनमधून आलेल्या ह्या शब्दाचा मूळ अर्थ ‘मांडलेलं, ठेवून दिलेलं’ असा आहे, जे जसं आहे तसं, कोणाशीही न जोडता. नाव म्हणून वाईट नाही. पण हे मला तेव्हा माहीत नव्हतं आणि असतं तरी त्याचा त्याला काय उपयोग! पुढं करोनानंतर शाळा उघडल्या तेव्हा फळ्यावर ‘पॉझिटिव्ह डिग्री’ लिहिताच वर्गातला एकजण बाक सोडून लांब सरकला आणि बाकीचे खिदळले. मला तो जुना मुलगा आठवला.

इंग्रजीच्या मास्तराला वर्षातून एकदा तरी एक ठरावीक वाक्य तपासावं लागतं : ‘सीता गीता दॅन टॉल.’ मी किती वह्यांत ते कापलं असेल याची गणती नाही. नवखा होतो तेव्हा चिडायचो. मग एके संध्याकाळी वह्यांचा गठ्ठा तपासता तपासता लक्षात आलं, की ह्या वाक्यात पोराचं चुकलं असं काहीच नाही. सगळे शब्द हजर आहेत, फक्त ते मराठीच्या रांगेत उभे आहेत. सीता, गीतापेक्षा, उंच. आपण आधी कोणापेक्षा ते सांगतो, मग काय ते. इंग्रजी माणूस आधी निकाल सांगतो आणि मागाहून हरलेल्याचं नाव घेतो. दुसरी नेहमीची चूक ‘मोअर टॉल’. तीही ‘जास्त उंच’चंच इंग्रजी. आमच्या पोरांना शब्दाच्या शेपटीला काही जोडून त्याचा अर्थ चढवायची सवयच नाही.

आणि ती असणार कुठून? मराठीत उंच हा उंचच राहतो. एकाहून उंच असो की गावात सर्वांत उंच, त्याच्या अंगाला काही लागत नाही. आमच्या शाळेत वऱ्हाडी बोलणारी पोरं, तांड्यावरची गोरमाटी बोलणारी पोरं, आणि कोलाम पोडांवरून आलेली, घरी कोलामी बोलणारी दोन-चार. पांढरकवड्याकडच्या शाळांत गोंडी आणि तेलुगूही ऐकू येते. मधल्या सुटीत मैदानावर ज्या भाषा ऐकू येतात त्यांतल्या एकीतही विशेषण तुलनेसाठी आपलं रूप बदलत नाही. कोलामी, गोंडी तर द्रविड कुळातल्या, मराठीशी रक्ताचं नातं नाही, पण ह्या बाबतीत सगळ्यांचं एकमत. वेगळी चाल फक्त साडेदहा ते पाच, माझ्या तासाला.

उर्दू शिकवणारे एक मित्र म्हणाले, “आमच्याकडं बेहतर आहे की, तुमचं बेटरच ते.” मी दोन वर्षं वर्गात ते मोठ्या ऐटीत सांगितलं. नंतर कळलं, की हा निव्वळ योगायोग. फारसीतला ‘बेह’ म्हणजे चांगला, त्याला ‘तर’ लागला. इंग्रजी ‘बेटर’ दुसऱ्याच धातूतून आलाय. खरं नातं आहे ते भलतीकडंच. आमच्या संस्कृतच्या बाईंनी ते निवृत्तीच्या आदल्या वर्षी स्टाफरूममध्ये सांगितलं. ज्येष्ठ, कनिष्ठ, श्रेष्ठ, वरिष्ठ ह्यांतला ‘इष्ठ’ आणि स्मॉलेस्ट, टॉलेस्टमधला ‘एस्ट’ हे एकाच घरचे. ‘स्वादिष्ट’ हा शब्द आपण येताजाता खिचडीलाही लावतो, पण संस्कृतात तो ‘स्वादिष्ठ’ आणि त्याचा अर्थ सर्वांत गोड. इंग्रजी ‘स्वीटेस्ट’चा तो सख्खा भाऊ. मी थक्क झालो. नोकरीच्या वीस वर्षांत जे विदेशी म्हणून शिकवत आलो ते आपल्याच माळ्यावर पडलेलं होतं.

मग बाई म्हणाल्या, “आणि तुम्ही पोरांना ‘मोस्ट बेस्ट’ म्हणून छड्या मारता. ‘सर्वोत्तम’ काय आहे मग?” खरंच की. उत्तम ह्या शब्दातच ‘तम’ आहे, तो शेवटच्या पायरीवरच उभा आहे. त्याला वरून ‘सर्व’ लावायचं म्हणजे मोस्ट बेस्टच झालं. सर्वश्रेष्ठ तसंच, सर्वांत ज्येष्ठ तसंच. शेक्सपिअरनंसुद्धा ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनीच्या तोंडी असा दुहेरी प्रयोग घातलेला आहे. मी त्या वर्षापासून ‘मोस्ट बेस्ट’खाली लाल रेघ मारायचो, पण थोडी फिकट.

स्टाफरूममध्ये तुलनेचा खरा अर्थ कळतो तो सेवाज्येष्ठता यादी लागते तेव्हा. सीनियरला पुढं ‘दॅन’ नाही, ‘टू’ लागतो, कारण सीनियर, ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हे लॅटिनमधून तयारच आलेले तुलनेचे शब्द. पोरांना हे चार वेळा सांगून राहत नाही. पण पटसंख्या घटून एक पद अतिरिक्त होणार असं कळलं, की इंग्रजीचा गंध नसलेले सहकारीसुद्धा ‘मी त्यांना सीनियर आहे’ हे अगदी बिनचूक वापरतात.

आता ‘पेक्षा’बद्दल. ह्या शब्दानं मला फार छळलं.

एका वर्षी नववीत एकाच घरच्या दोन चुलत बहिणी होत्या, एकाच बाकावर बसणाऱ्या. मी सांगितलं, वर्गातल्या मुलामुलींवर पाच-पाच वाक्यं करा, आधी मराठीत, मग इंग्रजीत. हाही प्रकार मला फार नामी वाटायचा, ‘परिसरातली उदाहरणं’ म्हणून. वह्या आल्या. चाळीसेक वह्यांपैकी निम्म्यांहून जास्त वह्यांत त्या दोघींवर वाक्य होतं. एकीपेक्षा दुसरी हुशार, एकीपेक्षा दुसरी गोरी, एकीपेक्षा दुसरीचं अक्षर चांगलं. ‘पेक्षा’ दर वेळी एकाच मुलीच्या नावाला. मी वह्यांतली इंग्रजी तपासली, स्पेलिंगं सुधारली आणि वर्गात चार वाक्यं मोठ्यानं वाचूनही दाखवली. दुसऱ्या दिवशी ती मुलगी मागच्या बाकावर जाऊन बसली. वर्षभर तिथंच.

मला समजायला दिवस लागले. इंग्रजीत तुलनेची खूण गुणावर पडते, टॉल ह्या शब्दाला शेपूट येतं, माणसांची नावं होती तशीच राहतात. मराठीत गुण जसाच्या तसा राहतो आणि खूण पडते ती माणसावर. तीही जिंकलेल्यावर नाही, जो कमी पडला त्याच्या नावावर. सीता मोकळी राहते, ‘पेक्षा’ गीताच्या गळ्यात. आणि हा शब्द आहे तरी काय? संस्कृत ‘अपेक्षा’, डोक्यावरचा ‘अ’ झडलेला. कोणाच्या तरी अपेक्षेत, म्हणजे कोणाकडं पाहून. आमच्या वऱ्हाडीत जुनी माणसं ‘परीस’ म्हणतात, ‘माह्यापरीस थो उच्चा’. लोखंडाचं सोनं करणारा परीस आणि हा परीस उच्चाराला एकच, पण ह्यानं कोणाचं सोनं झालेलं मी पाहिलेलं नाही.

पुढच्या वर्षीपासून तीन पोरं उभी करणं बंद केलं. घरून येताना पऱ्हाटीच्या तीन काड्या आणायला लागलो. गावात पऱ्हाटीला काय तोटा, प्रत्येकाच्या घरामागं जळणाचा ढीग. आखूड, लांब, त्याहून लांब. एकीलाही वाईट वाटत नाही. माणसांची नावं उदाहरणातून काढून टाकली आणि तिथं गावं, नद्या, ऊन, गाड्या आणल्या. ‘हॉट’मधला टी दुप्पट होतो हे शिकवायला आमच्यासारखा जिल्हा नाही. यवतमाळ हॉट, वर्धा हॉटर, चंद्रपूर हॉटेस्ट, यावर अकोल्याला मामा असलेली पोरं हमखास भांडायला उठायची. ‘स्लो’साठी शकुंतला होती. यवतमाळ ते मूर्तिजापूर ती छोट्या रुळांची गाडी, १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालणारी. ‘शकुंतला इज स्लोअर दॅन माय सायकल’ असं एकानं लिहिलं होतं, मी दहापैकी दहा दिले. गाडी बंद पडली तरी ते उदाहरण चालू राहिलं, शेवटच्या काही वर्षांत मात्र पोरं विचारायची, “शकुंतला कोण, सर?”

नात्यांनी एकदा फसवलं. निबंध होता ‘माय फॅमिली’. एका पोरानं लिहिलं, ‘माय बिगर फादर लिव्ह्ज इन दिग्रस.’ म्हणजे मोठे बाबा, वडलांचे थोरले भाऊ. आमच्याकडं काकांना कोणी काका म्हणत नाही असं नाही, पण थोरले असले की मोठे बाबा आणि त्यांच्या घरच्या मोठी आई. बापालाच तुलनेची पायरी लावणारी भाषा ही, इंग्रजीला हे झेपणार कसं? ‘अंकल’ असं दुरुस्त केलं, पण हात जड झाला होता. दिग्रसचे ते मोठे बाबा ‘अंकल’ झाले आणि घरातली एक पायरी पुसली गेली.

आता ‘सुपर’. मी १९७६ च्या सुमारास दहा वर्षांचा होतो. राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ पासून होती आणि कापूस केंद्रावर नेऊन घालायचा. मी वडलांबरोबर बंडीत बसून जायचो. रात्रभर बंड्यांची रांग, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज, शेकोट्या. सकाळी ग्रेडर यायचा, बंडीत हात खुपसून मूठभर कापूस काढायचा, अंगठ्या-बोटांत धरून धागा ओढायचा, आणि एक शब्द बोलायचा. त्या शब्दावर भाव. सुपर किंवा एफएक्यू किंवा त्याच्याही खाली. माझ्या वडलांना एबीसीडी येत नव्हती, पण एफएक्यू हा शब्द त्यांच्या बोलण्यात इतका मुरला होता, की घरी कोणी मुलीला स्थळ घेऊन आलं तर म्हणायचे, “पोरगा एफएक्यू हाय. सुपर नाई, पन चालते.”

पुढं इंग्रजी शिकल्यावर त्या तीन अक्षरांचा उलगडा केला. फेअर, अॅव्हरेज, क्वालिटी. बरी, सरासरी, प्रत. तीनपैकी दोन शब्द मधलेच, आणि त्यातला ‘फेअर’ तर पोरांना ‘गोरा’ म्हणून माहीत. एका वर्षी आमची बंडी खालच्या प्रतीत गेली. ग्रेडरचं चुकलं असं मी म्हणणार नाही. रात्रीचं दव वरच्या थरावर बसलं होतं, आम्ही ताडपत्री नीट घातली नव्हती आणि पहिल्या वेचणीच्या कापसात तळाला जरा कवडी, म्हणजे किडका, पिवळा पडलेला कापूस, मिसळलेली होती. पण परत येताना वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “आपला कापूस खराब नवता. शेजारची बंडी जास्त चांगली होती.” ते वाक्य मला व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही. रेन अँड मार्टिनमध्येही नाही, आणि त्या रेनसाहेबांनी मुंबई इलाख्यात शिक्षण खात्याची नोकरी करून वर ‘बो जेस्ट’सारखी कादंबरीही लिहिली होती.

त्याच पुस्तकानं शिकवलेलं ‘नो अदर’चं रूपांतर आमच्याकडं पाढ्यासारखं पाठ होतं. ‘मुंबई इज द बिगेस्ट सिटी’चं ‘मुंबई इज बिगर दॅन एनी अदर सिटी’ आणि त्याचं ‘नो अदर सिटी इज ॲज बिग ॲज मुंबई’. पोरं डोळे मिटून करतात, गुण मिळतो. अर्थ तिन्हींत एकच, असं आम्ही सांगतो. मला कधी ते पटलं नाही. पहिल्यात एकटी मुंबई आहे. तिसऱ्यात बाकीची सगळी शहरं हात खाली सोडून उभी आहेत. मोठेपणा तेवढाच, पण इथं तो दुसऱ्यांच्या नकारातून काढलेला.

२०२३ ची दिवाळी होऊन शाळा उघडली, तेव्हा माझे शेवटचे काही महिने उरले होते. कापसाचा हमीभाव त्या हंगामात मध्यम धाग्याला क्विंटलमागे ६६२० रुपये आणि लांब धाग्याला ७०२० होता. मी तोच फळ्यावर लिहिला. मीडियम स्टेपल, लाँग स्टेपल. धाग्याच्या लांबीत फरक पाचेक मिलिमीटरचा, भावात ४०० रुपयांचा. वर्ग एकदम जागा झाला. लाँग, लाँगर, लाँगेस्ट हे ज्यांच्या डोक्यात वर्षभर गेलं नव्हतं ते पुढं येऊन सांगायला लागले, की आमच्याकडं पहिल्या वेचणीचा धागा जास्त लांब निघते, फरतडीचा, म्हणजे हंगाम लांबवून घेतलेल्या शेवटच्या कापसाचा, आखूड. “फरतड इज शॉर्टर,” एक म्हणाला. “अँड चीपर,” दुसरा. “अँड डर्टियर,” तिसरा, आणि ‘वाय’चा ‘आय’ होतो हे त्यानं मला विचारलंही नाही, फळ्यावर बरोबर लिहिलं.

मी खूश होऊन म्हटलं, वेचणीवर वाक्यं करा. वेचणी म्हणजे ह्या पोरांच्या घरची रोजची गोष्ट. आया सकाळी ओटी बांधून जातात, संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर काटा लागतो, किलोवर मजुरी. कोणाचा किती भरला हे सगळ्यांच्या समोर होतं. तुलना शिकवायला याहून जिवंत साहित्य काय असणार, असं माझ्या मनात आलं, आणि तीन पोरांच्या पाठाचा तो जुना शेराही आठवला. तोवर पोरं लिहायला लागली होती.

वह्या फिरून पाहत गेलो. बहुतेकांनी ‘माय मदर पिक्स मोअर कॉटन दॅन’ करून कोणाच्या ना कोणाच्या आईचं नाव घातलं होतं. खिडकीजवळ एक मुलगी होती, फारशी न बोलणारी. तिच्या वहीत दोनच ओळी होत्या. ‘माय मदर २८ केजी.’ खाली, ‘हर मदर ३१ केजी.’ शेजारी बसलेल्या मैत्रिणीकडं तिनं बोट दाखवलं. त्या दोघींच्या आया एकाच टोळीत वेचायला जात.

मी म्हटलं, “अगं, वाक्य कुठाय? दॅन कुठाय?”

तिनं वही माझ्याकडं सरकवली आणि पेनही दिलं.

“पेक्षा तुमी लावा, सर.”